सतरा नंबरचं जाकीट

कांचनची डावी चप्पल जिन्यावर घासतेय, हे मला माघ महिन्यात पहिल्यांदा ऐकू आलं.

आमची अभ्यासिका परभणीत जिंतूर रस्त्याला, दुसऱ्या मजल्यावर. खाली बियाण्याचं दुकान. वर यायला बत्तीस पायऱ्या. मी दाराशी टेबल टाकून, नोंदवही पुढ्यात घेऊन बसायचो. माणूस दिसायच्या आधी त्याची पावलं ऐकू यायची, आणि चार वर्षांत मला पावलांवरून पोरं ओळखू येऊ लागली होती. कांचन राठोड एक पायरी गाळून भरभर चढायची. त्या सकाळी तसं झालं नाही. उजवं पाऊल पडायचं, मग डाव्या चपलेचं टोक पायरीच्या कडेला घासायचं, मग ते पाऊल पडायचं.

"पायाला काय झालं गं?"

"कुठं काय?"

"डावी चप्पल घासायली."

"चप्पल सैल झालीय, मामा. सही करू द्या, सहा वाजले."

तिनं सही केली, आत गेली, सतरा नंबरच्या खुर्चीवरचं जाकीट अंगात घातलं आणि पुस्तक उघडलं. ताठ, सरळ, मान जराही न वाकवता. आमच्याकडे सगळेच तसे बसायचे.

तो आवाज मी आधी ऐकला होता. मी एकतीस वर्षं धान्याच्या मोंढ्यात हमाली केली. आमच्या टोळीत शिवराम नावाचा गडी होता. त्याची पाठ वर्षभर दुखायची आणि एक दिवस दुखायची थांबली. तो खूश झाला. मग त्याची चप्पल घासायला लागली. तीन आठवड्यांनी त्याचं पाऊल ओल्या फडक्यासारखं खाली लोंबलं, ते पुन्हा उचललं गेलं नाही.

कांचन पोलीस उपनिरीक्षकाची लेखी परीक्षा पास झाली होती. मैदानी चाचणी बावीस दिवसांवर होती. धावणं, उडी, गोळाफेक. वयाच्या अटीनं ही तिची शेवटची संधी.

जाकिटं आली त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. ती बसवायला लाहोटी मॅडम आल्या होत्या. त्या फिजिओथेरपीच्या डॉक्टर. आमचे मालक बारहाते सर त्यांना म्हणाले, एखाद्या पोराला घालून दाखवा. मॅडमनी हॉलभर नजर फिरवली आणि मलाच बोलावलं.

"काका, तुम्ही काय काम करायचात?"

"हमाली."

"मग या. तुमची पाठ बघायला मजा येईल."

पातळ कापड होतं, बनियनसारखं. आतून बारीक तारा विणलेल्या. मी घालून बसलो तर समोरच्या पडद्यावर माझी पाठ उमटली. लाल, पिवळी, निळी. उजवा खांदा नुसता लालभडक.

"उजव्या खांद्यावर पोती घ्यायचात ना?"

"बाजू बदलायला पाहिजे असं मुकादम सांगायचा. पण सवय."

पोरं हसली. मग मॅडमनी सांगितलं ते असं. आपण बसलो की आपल्याला वाटतं पाठ विश्रांती घेतेय. ती घेत नसते. प्रत्येक स्नायूत हजारो तंतू असतात. नुसतं बसायचं असलं की त्यातले ठरावीक बारीक तंतू पहिल्यांदा कामाला लागतात आणि तुम्ही उठेपर्यंत सुटत नाहीत. बाकीचे रिकामे असतात. दोन तासांनी पाठीत जी कळ येते, ती त्या मूठभर तंतूंची ओरड.

"म्हणजे टोळीतले चार जण पोती उचलायले आणि बाकीचे बिड्या ओढायले," मी म्हणालो.

"अगदी तेच. हे जाकीट म्हणजे तुमचा मुकादम. थकलेल्या तंतूची वीज मंदावते, ती त्याला तारांतून कळते. मग ते रिकाम्या तंतूंना हलकासा झटका देऊन उठवतं आणि थकलेल्यांना बसवतं. दर अर्ध्या मिनिटाला पाळी बदलते. ओरड सुरूच होत नाही."

दुसरी गोष्ट त्यांनी मणक्यांची सांगितली. दोन मणक्यांच्या मधे गादी असते. तिला रक्तवाहिन्या नसतात. दाबली, सोडली, दाबली, सोडली, असं झालं तरच तिच्यात रस जातो. एका जागी खिळून बसलं की गादी उपाशी राहते. म्हणून जाकीट कण्याला केसभर इकडं, केसभर तिकडं झुलवत राहतं. आपल्याला कळतही नाही.

"पण प्रत्येकाची पाठ वेगळी," मॅडम म्हणाल्या. "कुणाची कुठं दुखावलेली, कुणाची कुठं मजबूत. जाकीट तीन आठवडे नुसतं शिकतं. मग नकाशा बनवतं, कुठं किती भार टाकायचा त्याचा. म्हणून एक जाकीट, एक माणूस."

"दुसऱ्यानं घातलं तर?" बारहाते सरांनी विचारलं.

"तर ते चुकीच्या पाठीला बरोबर उत्तर देईल."

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. म्हणून पुढचं सांगताना माझ्याकडे सबब नाही.

जाकिटं आली आणि पहिल्या महिन्यात चहावाला गेला. आधी चार वाजले की अख्खा हॉल खाली उतरायचा. पोरं आळस द्यायची, एकमेकांच्या पाठीवर बुक्क्या मारायची, पेपरची पानं ओढायची. आता कुणी उठेना. पाठ दुखत नाही तर उठायचं कशाला? चहावाल्यानं महिनाभर वाट पाहिली आणि गाडा दवाखान्याच्या फाटकाशी नेला.

जो मुलगा आठ तास बसायचा तो बारा बसू लागला, मग चौदा. सरांनी दारात पडदा लावला. त्यावर कोण किती तास बसलं त्याची रोजची क्रमवारी. घरचे लोक मला फोन करून मार्क विचारायचे नाहीत, तास विचारायचे. सगळेच जास्त बसले, म्हणून सगळ्यांचेच मार्क वाढले, म्हणून पास व्हायची रेघ वर सरकली. मग बिनजाकिटाच्या मुलाला आठ तासांत ती गाठता येईना. जाकिटाच्या जागा चाळीस आणि यादीत दोनशे साठ नावं.

नसीम पठाणचं नाव यादीत एकसष्टावं होतं. ती पाथरीची. कांचन आणि ती चार वर्षं एका खोलीत राहत होत्या. स्वयंपाकाच्या पाळ्या लावून, एका दिव्याखाली वाचून. जाकीट कांचनला मिळालं, नसीमला नाही. महिनाभर दोघी एकमेकींशी नीट बोलत नव्हत्या. मग कांचन माझ्याकडे आली.

"मामा, मी सकाळी सहा ते दोन बसते. दोन ते दहा नसीम बसेल. माझ्याच नावावर."

"सरांना कळलं तर?"

"सर दुपारी येतात कुठं? तुम्ही नोंदवहीत एकच नाव लिहा."

मला त्यात वावगं वाटलं नाही, हेच मला अजून टोचतं. मोंढ्यात आम्ही पोती ओढायचा एक आकडा दोघांत वापरायचो. पहाटेची गाडी एकाची, दुपारची दुसऱ्याची. मी तिला तसं बोललोही.

"आकड्याला काय कळतं हात कुणाचा ते."

कांचन हसली. "बघा, तुम्हीच म्हणालात."

मी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी अक्षर गिरवलं, मोंढ्याच्या गोदामात भरणाऱ्या वर्गात. त्या अक्षरावर ही नोकरी मिळाली. त्याच अक्षरात मी रोज लिहू लागलो, कां. राठोड, सकाळी सहा ते रात्री दहा.

पाच महिने पडद्यावर कांचन पहिली. सोळा तास. बारहाते सरांनी तिचा फोटो भिंतीवर लावायच्या जाहिरातीत छापला. खाली मोठ्या अक्षरात, सोळा तास बैठक. तिच्या तांड्यावर तो फोटो कुणीतरी पाण्याच्या टाकीला चिकटवला होता.

चप्पल घासल्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी दोन वाजता कांचन जाकीट काढून निघाली तेव्हा मी तिला गच्चीवर बोलावलं.

"टाचांवर चालून दाखव."

"हे काय आता?"

"आमचा मुकादम चालायला लावायचा. चाल, चार पावलं."

ती टाचांवर उभी राहिली. उजवा चवडा वर उचलला गेला. डावा जमिनीला चिकटून राहिला. तिनं जोर लावला, गुडघा थरथरला, पण चवडा उचलेना. ती माझ्याकडे बघून हसली.

"झोपेत अवघडला असेल."

"किती दिवस झाले?"

"पंधरा."

"दुखतं का?"

"अजिबात नाही. त्याच्यासाठी तर जाकीट आहे."

"घरी गेल्यावर?"

"आधी दुखायचं, मांडीच्या मागून खाली. आता नाही."

मला शिवराम आठवला. मी तिला त्याचं सांगितलं. ती कठड्याला टेकून ऐकत होती. खाली रस्त्यावरून बियाण्याच्या पोत्यांचा टेम्पो चालला होता, ती तिकडं बघत होती.

"लाहोटी मॅडमला दाखव."

"दाखवलं. मागच्या आठवड्यात. त्यांनी जाकिटाचा अहवाल बघितला. पाठ उत्तम आहे म्हणाल्या. बूट बदल म्हणाल्या."

"दोघी एक जाकीट घालता ते सांगितलंस?"

ती कठड्यापासून सरळ झाली. मग तिनं हळू आवाजात हिशोबानं बोलावं तसं सांगितलं. "सांगितलं तर दोघींची जागा जाते. नसीमची मुख्य परीक्षा आठ दिवसांवर आहे. तिचा अभ्यास तुटतो. माझा जाहिरातीतला फोटो खोटा ठरतो. चाचणीच्या आधी कुणी तक्रार केली तर? तिचा पेपर होऊ द्या, मामा. आठ दिवस. तोवर कुणाला बोलू नका."

"आणि पाय?"

"इतके दिवस राहिला, आठ दिवस राहील."

मी हो म्हणालो. का म्हणालो? तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं तेव्हा मी जे दिलं त्यातूनच हे झालं होतं. असल्या वेळी माणसाला नाही म्हणणं जमत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती चपला सोडून बूट घालून येऊ लागली. नाड्या करकचून बांधलेले. जिन्यावर घासल्याचा आवाज बंद झाला. ऐकू येत होतं तोवर निदान मला अंदाज तरी होता. आता मी टेबल सोडून जिन्याच्या तोंडाशी उभा राहू लागलो. ती कठडा धरून चढायची, आणि पायरीवर काहीतरी आडवं पडलंय असा डावा गुडघा उंच उचलायची. मला बघितलं की हात सोडायची.

"बरंय ना?"

"मस्त आहे, मामा."

चौथ्या दिवशी ती जाकीट काढून उठली आणि खुर्चीची पाठ धरून उभीच राहिली. अठरा नंबरच्या पोरीनं मान वर केली नाही. हॉलमध्ये एकोणचाळीस माणसं ताठ बसलेली, आणि एकाचीही नजर तिच्याकडे गेली नाही. थोड्या वेळानं ती भिंतीच्या आधारानं दारापर्यंत आली आणि माझ्याकडे न बघता उतरली. तिच्यामागून लगेच नसीम वर आली.

मी तिला थांबवलं. "तुझी पाठ कशी आहे?"

"माझी?" नसीमला प्रश्न विचित्र वाटला. "ठीक आहे. अम्मी म्हणते मी उजवीकडं कलून चालायलेय. पुस्तकांच्या पिशवीनं असेल."

"आणि कांचनचा पाय?"

"मुरगळला म्हणाली. पळताना."

"ती पळायली कुठं? महिनाभर मैदानावर गेली नाही ती."

मी तिला सगळं सांगितलं. टाचांवर चालणं, शिवराम, आठ दिवसांचा शब्द. नसीमनं वहीत बोट घालून धरलं होतं, वाचायचं पान चुकू नये म्हणून. तिनं ते बोट काढलं.

"माझा पेपर चार दिवसांवर आहे," ती म्हणाली. "तिचा पाय किती दिवसांवर आहे, मामा?"

"मला कळत नाही."

"मग ज्यांना कळतं त्यांच्याकडं चला."

"तिला शब्द दिलाय मी."

"मी नाही दिला."

आम्ही रिक्षानं गेलो. नोंदवही मी बरोबर घेतली. लाहोटी मॅडमनी आधी ऐकून घेतलं, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पाच महिने?"

"पाच महिने."

त्यांनी संगणकावर सतरा नंबरचा नकाशा काढला. पाठ हिरवीगार होती. कुठंच काही नाही.

"हे बघून मी तिला बूट बदलायला सांगितलं," त्या म्हणाल्या. "आता सांगा, कोण कधी बसायचं? मिनिटांचं नको, पण खरं सांगा. वहीत तर एकच नाव आहे."

मी सांगत गेलो. सहा ते दोन कांचन, दोन ते दहा नसीम. दिवाळीत कांचन तांड्यावर गेली होती ते नऊ दिवस नुसती नसीम. ईदचे दोन दिवस नुसती कांचन. एकदा नसीमला ताप आला होता तो आठवडा. नसीम मला दुरुस्त करत होती, मी तिला. वहीतलं प्रत्येक पान मी खोडलं आणि बाजूला खरी वेळ लिहिली. तासभर लागला. मॅडमनी ते सगळं भरलं आणि बटण दाबलं.

पडद्यावरची हिरवी पाठ दुभंगली. एकीच्या दोन झाल्या. एक नसीमची, सगळीकडे मजबूत. दुसरीत कमरेच्या जरा वर, डाव्या बाजूला, काळा डाग होता.

"ही जागा जुनी आहे," मॅडम म्हणाल्या. "लहानपणी ओझं वाहिलंय का तिनं?"

"ऊसतोडीला जायची आईबापाबरोबर," नसीम म्हणाली. "नवव्या वर्षापासून. डोक्यावर मोळी घ्यायची."

"तीच ही जागा. पहिल्या तीन आठवड्यांत जाकिटानं ती ओळखली होती. तिथला भार काढून घेत होतं. मग दुपारी तुझी पाठ यायला लागली. त्याला दिसलं, इथं तर सगळं ठणठणीत आहे. म्हणून त्यानं सकाळी त्या जागेवर भार टाकला. आणि दुखू दिलं नाही. दुपारी तुझ्या चांगल्या कमरेला जपत बसलं, म्हणून तू कललीस."

"त्याला कळलं कसं नाही?" मी विचारलं. "दोन वेगळी माणसं आहेत हे?"

"त्याला कुणी शिकवलंच नाही, काका, की एका नावात दोन माणसं असू शकतात. ते बनवणाऱ्यांना हे सुचलं नाही. आणि इतकी वर्षं इथं राहून मला सुचायला पाहिजे होतं, तर तेही झालं नाही."

त्यांनी फोन उचलला आणि कांचनला बोलावून घेतलं. ती आली. आम्हा दोघांना तिथं पाहिल्यावर दारातच थांबली.

"तुम्ही शब्द दिला होता."

मी नोंदवही मिटली.

"मामाला नको बोलू," नसीम म्हणाली. "मी आणलं त्यांना."

"तुझ्यासाठी गप्प बसले होते मी. चार दिवस राहिलेत तुझ्या पेपरला."

"माहितेय मला कधी आहे ते. बस तिथं. बूट काढ."

कांचन बसली. तिनं नाडी सोडली, पण बूट निघेना. पाऊल सुजलं होतं. नसीमनं खाली बसून तो ओढून काढला. मॅडमनी तळपायाला टाचणीचं टोक लावलं, मग पावलाच्या वर, मग नडगीला. प्रत्येक वेळी विचारलं, कळतंय का? नडगीपर्यंत कांचन नाही म्हणत राहिली. तिसऱ्या नाहीला तिचा आवाज बदलला. तोवर तिला खरंच वाटत होतं की काही झालेलं नाही.

संध्याकाळपर्यंत पाठीचा फोटो निघाला. गादी फुटून तिचा तुकडा शिरेवर बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. सर्जननी बाहेर येऊन सांगितलं, शीर मोकळी केली आहे. पाऊल परत उचलेल की नाही हे आज सांगता येणार नाही. शीर महिन्याला बोटाच्या पेराएवढी सुधारते, सुधारली तर. वर्ष जाईल. अजून आठवडा गेला असता तर वाट बघायलाही काही उरलं नसतं. सहा महिने जाकीट नाही, अर्ध्या तासापेक्षा जास्त बैठक नाही.

कांचनचे वडील तांड्यावरून आले होते. त्यांनी मला एकच विचारलं. "साहेब होईल का आता?"

"पोलिसात नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि डबा उघडून मला भाकरी पुढे केली.

नसीमनं पेपर दिला. मधे दोनदा उठून उभी राहिली म्हणून पर्यवेक्षकांनी हटकलं. कांचनची मैदानी चाचणी त्यानंतर बारा दिवसांनी झाली. त्या दिवशी ती दवाखान्यातल्या व्हरांड्यात वॉकर धरून अकरा पावलं चालली. आदल्या दिवशी नऊ चालली होती.

बारहाते सरांनी मला काढलं नाही. त्यांनी मला केबिनमध्ये बसवून चहा दिला.

"मामा, झालं ते वाईट झालं. पण ती खोडलेली वही दुसऱ्या कुणाला दाखवू नका. नवीन वही घ्या. सतरा नंबरचा नकाशा पुसायला सांगितलाय. यादीतली पुढची मुलगी सोमवारी येईल. तिला नीट समजावून द्या."

"जाहिरात?"

"ती आपोआप निघेल. पाऊस येईलच."

सोमवारी ती मुलगी आली. बारीक, चष्मा, हातात घासून पुसलेली पाण्याची बाटली. खुर्चीवर बसली, जाकीट हातात घेऊन मला विचारू लागली, मामा, हे पुढून घालायचं की मागून. तिच्यामागे तिची आई उभी होती, आनंदानं डोळे भरलेली. मी मागचं बक्कल धरून उभा होतो. मला ते लावता येईना. हात चांगले होते माझे, कापतही नव्हते. शेवटी आईनंच लावलं. दुपारी मी किल्ल्या सरांच्या टेबलावर ठेवल्या आणि घरी आलो.

चैत्र संपता संपता कांचनचा फोन आला. मी अंगणात खाट टाकून बसलो होतो.

"मामा, ऐकलं ते खरं का? नोकरी सोडली?"

"सोडली. पाय कसा आहे?"

"अंगठा हलायला लागलाय. थोडासा. बाकी अजून नाही." तिचा आवाज चांगला होता, भरभर. "मी काय म्हणते, कर विभागाची जाहिरात येतेय. त्याला धावावं लागत नाही, मामा. नुसता पेपर. तिथं माझ्या वयालाही अजून दोन वर्षं आहेत. तुमची सरांशी ओळख आहे. यादीत माझं नाव वर घ्यायला सांगाल का?"

"डॉक्टरांनी सहा महिने सांगितलेत."

"तोवर पेपर होऊन जाईल. आणि या वेळी मी एकटीच घालणार. कुणाला देणार नाही. मग कसली भीती?"

"मी सरांना सांगणार नाही."

"का?"

"तू बसशील म्हणून."

तिच्याकडे मागे पंखा फिरल्याचा आवाज येत होता.

"मग मी दुसरीकडं जाते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती ठरवल्याची गोष्ट होती. "जाकिटाच्या अभ्यासिका सव्वीस झाल्यात परभणीत. कुठं ना कुठं जागा मिळेल. तुम्ही किती ठिकाणी अडवणार?"

हे खरं होतं. मी अडवू शकत नव्हतो. सव्वीस जिने, सव्वीस नोंदवह्या, आणि प्रत्येक दारात तासांचा पडदा.

"बरं," मी म्हणालो. "जा. पण कुठं जाणार ते मला सांग."

"कशाला?"

"मी येतो तिथं. रोज. अर्धा तास झाला की तुला उठवतो. जिना उतरवतो, चढवतो, पुन्हा बसवतो. मग पुन्हा अर्धा तास."

"दिवसभर?"

"मला आता दुसरं काय काम आहे?"

"लोक हसतील, मामा."

"हसू दे."

"माझे तास होणार नाहीत. पडद्यावर मी शेवटची येईन."

"येशील."

मी वाट बघत राहिलो. पंख्याचा आवाज येत होता, म्हणजे तिनं फोन ठेवला नव्हता.